घरचा टीव्ही, घरचाच सर्व्हर आणि उंबरठ्याबाहेरची तार

आमच्या खाप्यात दुकानावर येणारा मागवाला दोन गोष्टी हमखास बोलतो. एक, सूत महागले. दुसरी, डब्याचे रिचार्ज संपले आणि पोरे घरात बसू देत नाहीत. सुताच्या भावावर आमच्याकडे इलाज नाही. दुसऱ्या गोष्टीवर मात गेली दोन वर्षे आम्ही आमच्याच घरी एक प्रयोग चालवला आहे. तो बराचसा जमला. त्यातून कमाईचा एक मोहही उभा राहिला. दोन्हींची हकिकत व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

सुरुवात टीव्हीपासून झाली नाही, एका कॅसेटीपासून झाली. १९९१ साली थोरल्या भावाचा निकाह झाला तेव्हा नागपूरहून व्हिडिओवाला बोलावला होता. वरात निघायला उशीर झाला, म्हणून त्या भल्या माणसाने कॅमेरा घेऊन आमच्या कारखान्यात फेरफटका मारला. मरहूम अब्बा नवे कपडे घालून खड्ड्याच्या मागावर बसले आणि त्यांनी धोटा मारून दाखवला. दोन-अडीच मिनिटांचा प्रकार. अब्बांचे हलतेबोलते चित्र एवढेच. माग तर केव्हाच मोडला, खड्डा बुजवून वर फरशी बसली. मागाचा खटखट आवाजही त्या कॅसेटीतच उरला होता, आणि कॅसेटीला पांढरी बुरशी लागली होती.

त्या काळी टीव्ही म्हणजे काय चीज होती हे आमच्या वयाच्या वाचकांना सांगायला नको. १९८८ मध्ये दूरदर्शनवर ‘मिर्झा गालिब’ लागायचे तेव्हा आम्ही उर्दू शाळेचे दोस्त एका शेजाऱ्याच्या दारात चपलांच्या ढिगावर उभे राहून पाहत असू. भाग चुकला की चुकला. व्हीसीआर आल्यावर चुकलेली वस्तू जपून ठेवता येते हे प्रथम कळले. आता तो व्हीसीआरही गेला. जपानमधल्या शेवटच्या कंपनीने २०१६ च्या जुलैत त्याचे उत्पादन थांबवले. आमच्या माळ्यावरचा व्हीसीआर चालू होता हे अल्लाहचे उपकार.

आमच्या भाच्याने आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्सचा ट्रेड केला आहे. त्याने कॅसेट उघडून फीत हळूहळू पुसली, व्हीसीआरचे हेड साफ केले आणि एक छोटे यंत्र लावून चित्र संगणकात उतरवले. हा संगणक आमच्याच दुकानाचा. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला, बिलांसाठी नवा संगणक घ्यावा लागला आणि जुना काउंटरखाली धूळ खात पडला. भंगारवाला त्याचे सहाशे देत होता.

अब्बा पडद्यावर दिसले तेव्हा अम्मींनी एवढेच विचारले, “हे कामठीला नूरीच्या घरी दिसेल का?” नूरी म्हणजे आमची धाकटी बहीण. पेनड्राइव्ह पाठवला असता तर काम भागले असते. पण भाचा म्हणाला, “मामू, हा संगणक फेकू नका. यातूनच सगळ्यांच्या घरी दाखवतो.”

त्याने त्यात लिनक्स घातले आणि वर जेलीफिन नावाचा प्रोग्राम चढवला. ही दोन्ही नावे बांधवांनी लिहून ठेवावीत, कारण दोन्हींना पैसा पडत नाही. जेलीफिनचा जन्म २०१८ च्या डिसेंबरातला. एम्बी नावाच्या प्रोग्रामच्या मालकांनी आपला मजकूर बंद करून घेतला, तेव्हा काही कारागिरांनी आधीचा खुला मजकूर घेऊन वेगळी चूल मांडली. काम सोपे आहे. संगणकातली चित्रे, गाणी, चित्रपट तो नीट मांडून ठेवतो, आणि घरातला फोन किंवा टीव्ही मागेल ते वायफायवरून पाठवतो. दुकानात जसा एक माणूस गाद्यांमधून ठाण काढून गिऱ्हाईकापुढे उलगडतो, तसा. अशा संगणकाला सर्व्हर म्हणतात. नाव मोठे, पण डबा आमचा सहाशे रुपयांचाच.

येथवर कॅसेटीचे काम झाले होते. पण हाताला चव लागली की माणूस थांबत नाही.

गच्चीवर दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री होतीच. ही सेवा २००४ च्या डिसेंबरात सुरू झाली. तिला महिन्याचा आकार नाही. छत्री आणि डबा एकदा घेतला की झाले. वाहिन्यांच्या जागांचा प्रसार भारती लिलाव करते. पैसा वाहिनीवाला भरतो, पाहणारा नाही. म्हणूनच बड्या कंपन्यांच्या वाहिन्या तिथे कधी येतात, कधी निघून जातात. पण बातम्या, दूरदर्शनच्या सगळ्या वाहिन्या, सह्याद्री, २००६ साली सुरू झालेली डीडी उर्दू, ही घरची मंडळी आहेत. आणि मुख्य गोष्ट म्हणजे यातल्या बहुतेक वाहिन्यांना कुलूप नाही. लहरी आकाशातून उघड्या येतात. त्या पकडणारे कार्ड संगणकात बसवले की डबाही लागत नाही.

कार्ड आमच्या हिशेबी महाग पडले, साडेपाच हजार. दोन टीबीची डिस्क तेवढ्याचीच. वरची किरकोळ तार, पिना, छत्रीच्या टोकावरचा नवा एलएनबी धरून बारा हजारांच्या आत काम निभले. जुना संगणक नसता तर हिशेब बसला नसता, हे आधीच सांगितलेले बरे.

कार्डाकडून वाहिन्या घेऊन वाटण्याचे काम टीव्हीहेडएंड नावाचा दुसरा प्रोग्राम करतो. तोही फुकट. येथे एक गोष्ट आम्हाला फार पटली, ती विणकर बांधवांना चटकन समजेल. उपग्रहावरून वाहिन्या सुट्या सुट्या येत नाहीत. एकेका गठ्ठ्यात अनेक वाहिन्या एकत्र विणलेल्या असतात. एक कार्ड एका वेळी एकच गठ्ठा धरू शकते. पण धरलेल्या गठ्ठ्यातल्या हव्या तेवढ्या वाहिन्या ते एकदम सोडवते. एका ताण्यावर पाच साड्या काढाव्यात, तसे. त्यामुळे एकाच गठ्ठ्यातल्या तीन वाहिन्या तीन खोल्यांत पाहता येतात, चौथी डिस्कवर उतरत राहते. मात्र कोणी दुसऱ्या गठ्ठ्यातली वाहिनी मागितली की भांडण. आमच्या घरी हे भांडण रोज रात्री आठला होते. दुसरे कार्ड घ्या असा ठराव बायकांनी मंजूर केला आहे, तिजोरीची मंजुरी बाकी आहे.

दुसरी गोष्ट चित्राची. फोनवर पहिल्यांदा बातम्या लावल्या तेव्हा माणूस हलला की त्याच्या कडेला फणीच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसू लागल्या. आम्हाला वाटले कार्ड खराब निघाले. भाच्याने खुलासा केला. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीच्या टीव्हीचे चित्र ५७६ दिसणाऱ्या ओळींचे. पण ते एकदम येत नाही. आधी विषम ओळी येतात, मग सम ओळी, असे सेकंदाला पन्नास वेळा. आम्ही म्हटले, ही तर साधी वीण झाली! पायाखालची फळी दाबली की एकआड एक धागे वर, दुसरी दाबली की राहिलेले वर. जुन्या टीव्हीच्या काचेवर ही वीण आपोआप बसत असे. फोन मात्र दोन्ही फेरे एकदम दाखवतो, आणि मधल्या क्षणात हललेला हात दोन जागी दिसतो. सर्व्हरमध्ये ‘डीइंटरलेस’ नावाची खूण केली की वीण बसते. शिवाय फ्री डिशच्या बऱ्याच वाहिन्या जुन्या एमपेग-२ पद्धतीत येतात. ती फोनच्या ब्राउझरला सहसा कळत नाही, म्हणून सर्व्हरला चित्राची घडी मोडून नव्याने घालावी लागते. २०११ पासूनच्या इंटेलच्या बहुतेक घरगुती चिपांत या कामाचा वेगळा भाग असतो. त्याहून जुना संगणक या कामाला घेऊ नये. तो तापतो आणि चित्र अडखळते.

ध्वनिमुद्रणाचा फायदा प्रथम आमच्या धाकट्या मुलीने घेतला. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा सरकारने इयत्तावार शैक्षणिक वाहिन्या सुरू केल्या, त्या फ्री डिशवर येतात. विणकराच्या घरात धडा लागतो त्या वेळी मुलगी कांड्या भरत असते किंवा फोन बापाच्या खिशात असतो. धडा दुपारी उतरून ठेवला आणि रात्री पाहिला तर काही बिघडत नाही. न समजलेला भाग दोनदा पाहता येतो, हा नफा वेगळाच. कार्यक्रम वेळापत्रकाप्रमाणे सुरू होईलच असे नाही, म्हणून आधी पाच आणि नंतर पंधरा मिनिटे जास्त उतरवण्याची आज्ञा देऊन ठेवावी. साध्या वाहिनीचा एक तास डिस्कवर सुमारे एक जीबी जागा खातो. दोन टीबीत दोन हजार तास मावावेत. एवढे कोण पाहणार, असे म्हणून आम्ही रोजच्या बातम्याही उतरवायला लावल्या. काही महिन्यांनी डिस्क गच्च भरली, कोणाला पत्ता नाही, आणि डीडी उर्दूवरचा आम्ही मुद्दाम लावलेला मुशायरा उतरलाच नाही. शिळ्या बातम्यांनी मुशायरा खाल्ला. आता बातम्या तीन दिवसांनी आपोआप पुसल्या जातात.

‘थेट’ या शब्दाबद्दल एक सावधगिरी. सर्व्हरवरून येणारे थेट प्रक्षेपण खरोखर थेट नसते. चित्राचे छोटे छोटे तुकडे करून ते पाठवले जातात, त्यात आमच्याकडे वीसेक सेकंद जातात. क्रिकेटमध्ये शेजारचा ओरडतो आणि आमचा गोलंदाज अजून धावतच असतो. ते चालते. पण रमजानात घरच्या पोरांनी फोनवरची अजान ऐकून इफ्तार करायचे ठरवले, तेव्हा आम्ही हटकले. एक तर ते वीस सेकंद. दुसरे, मुंबईच्या वाहिनीवरची मगरिब ही मुंबईची. रेखांशात सहा अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटे, म्हणजे आपला सूर्य मुंबईच्या आधी साधारण पंचवीस मिनिटे मावळतो. सहरीला हाच फरक उलटा जाचक आहे. मुंबईचा वक्त धरून खात बसणाऱ्याचा रोजाच धोक्यात येईल. मशिदीची अजान आणि गावचा तक्ता, यांना सर्व्हर हा पर्याय नाही.

विजेचा हिशेबही सांगून टाकतो. आमचा संगणक ५५ वॅट खातो. चोवीस तास चालू ठेवला तर महिन्याला सुमारे ४० युनिट. एक हॉर्सपॉवरची मोटर पूर्ण ताकदीने एवढी वीज चोपन्न तासांत खाते, त्या मानाने ओझे नाही, पण फुकटही नाही. वीज गेली की उतरणारा कार्यक्रम तुटतो. छोटा यूपीएस हवाच.

बाहेरगावी पाहण्याची बाब थोडी किचकट आहे. पुष्कळ इंटरनेट कंपन्या आता शेकडो घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात. अख्ख्या मोहल्ल्याला एकच टपालपेटी असावी तसे. त्यामुळे कामठीहून आमचे घर सापडत नाही. त्यावर उपाय म्हणजे वायरगार्डसारखी खासगी वाट. २०२० पासून ती लिनक्सच्या गाभ्यातच आहे. किल्ली ज्याच्या फोनात, त्यालाच वाट दिसते. काही पोरे राउटरचे दार सताड उघडे टाकतात आणि पासवर्ड तोच ‘अ‍ॅडमिन’ ठेवतात. दुकानाचा हिशेब ज्या वायफायवर चालतो तिथे हे करणे म्हणजे गल्ला ओट्यावर ठेवून झोपणे आहे.

आता मोहाची गोष्ट.

बातमी मोहल्ल्यात पसरली. चार जण म्हणाले, आम्हालाही जोडून द्या, महिन्याला साठ रुपये देऊ. भाच्याचे डोळे चमकले. चाळीस घरे, साठ रुपये, महिन्याचे २४०० रुपये. त्याला भांडवल हवे होते, तारा आणि स्विच यांसाठी दहा हजार. आम्ही ते जवळपास काढून ठेवले होते. याच गावात १९९० नंतर आम्ही गच्चीगच्चीवरून गेलेल्या केबलच्या तारा पाहिल्या होत्या. तोही धंदा असाच एका छत्रीपासून सुरू झाला होता. नंतर १९९५ चा केबल कायदा आला, केबलचालकाला पोस्टाच्या मुख्य कचेरीत नोंदणी सक्तीची झाली.

दहा हजार देण्याआधी सावनेरच्या एका ओळखीच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी १९५७ चा कॉपीराइट कायदा काढला. कलम ३९ म्हणते की स्वतःच्या खासगी वापरासाठी प्रक्षेपण उतरवून घेतले तर तो भंग नाही. अमेरिकेतही हाच झगडा झाला होता. तिथे चित्रपट कंपन्या व्हीसीआर बनवणाऱ्या सोनीवर गेल्या, आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की घरी पुढे पाहण्यासाठी उतरवणे गैर नाही. मनाला बरे वाटले. मग वकिलांनी बोट दोन पाने मागे नेले. कलम ३७. प्रक्षेपण करणाराचा हक्क पंचवीस वर्षे चालतो. परवान्याशिवाय ते पुन्हा प्रसारित करणे, किंवा पैसे घेऊन लोकांना दाखवणे, हा भंग. शिक्षेत कैदही आहे, दंडही.

“पण वकीलसाहेब, हा माल तर सरकार फुकटच देते,” आम्ही म्हटले.

“मग तुम्ही तो साठ रुपयांना का विकता?” ते म्हणाले.

बसमध्ये परत येताना आम्ही हिशेब केला. साठ रुपयांप्रमाणे दोन वर्षांचे १४४० होतात. त्यात आणखी थोडे घालून शेजारी स्वतःची छत्री आणि डबा घेऊ शकतो, आणि मग जन्मभर काही देणे नाही. म्हणजे आमची कमाई शेजाऱ्याच्या अज्ञानावर उभी राहणार होती. शिवाय हे तेवढ्यावर थांबत नाही. जवळच्या एका गावात एका पोराने असेच जाळे टाकले. गिऱ्हाइकाने सशुल्क वाहिन्या मागितल्या, म्हणून याने चोरीच्या अ‍ॅपवरून त्या जोडल्या. एके दिवशी सामान जप्त झाले. बापाने सूत आणायला ठेवलेले पैसे वकिलाकडे गेले.

भाचा रुसला. म्हणाला, “सगळेच करतात, मामू.” आम्ही त्याला त्याच्याच आजोबांची आठवण दिली. १९८५ साली हातमागासाठी काही माल राखून ठेवण्याचा कायदा झाला. पुढे यादी आखडत अकरा प्रकारांवर आली. यंत्रमागवाले आमचे काठ जसेच्या तसे उचलून निम्म्या भावात विकत, तेव्हा अब्बा बाजारातून आलेली ती साडी ओट्यावर पसरून तासभर नुसते बघत बसत. काठ त्यांचा होता, नाव कोणाचेच नव्हते. दुसऱ्याचा काठ उचलणे आपल्याला का सलते, हे ज्याच्या घरात माहीत आहे त्याने दुसऱ्याची वाहिनी उचलून विकावी? यावर तो काही बोलला नाही. जेवला मात्र नाही.

मालेगावचे उदाहरणही आम्ही त्याला सांगितले. तिथे नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवीत. दुसऱ्यांचे चित्रपट दाखवता दाखवता त्यांनी यंत्रमागाच्या गावातलीच माणसे घेऊन २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. पुढे त्यांनीच शफीक शेख या यंत्रमाग कामगाराला सुपरमॅन केले. त्यावरचा माहितीपट जगभर पाहिला गेला. भाचा म्हणाला, मला सिनेमा काढायचा नाही. तेही खरेच.

शेवटी वाट कॅसेटीनेच काढली. नूरीच्या सासरी अब्बांचे चित्र पाहून तिच्या जाऊबाईंनी आपल्या तीन कॅसेटी पाठवल्या. मग दुसऱ्यांच्या आल्या. भाच्याने दर ठरवला, कॅसेटीमागे दोनशे, बुरशी असेल तर तीनशे. लग्नाच्या, हज्जच्या निरोपाच्या, शाळेच्या जलशाच्या. बाजारातून विकत घेतलेल्या चित्रपटांच्या कॅसेटी तो परत करतो, हा नियम त्याने स्वतःहून केला. ज्याला हवा त्याच्या घरी तो सर्व्हरही मांडून देतो, छत्री त्याची, संगणक त्याचा, मजुरी आमच्या भाच्याची. महिन्याचे २४०० अजून होत नाहीत. एखाद्या महिन्यात अठराशे होतात, एखाद्यात पाचशे.

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या एक बडी अम्मी कॅसेट घेऊन आल्या. वर काही लिहिलेले नाही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यात त्यांच्या मियांच्या कारखान्यातले सहा माग एकदम चालताना दिसतात. फीत निम्मी चालली आणि व्हीसीआरचा रबरी पट्टा तुटला. तसा पट्टा आता दुकानात मिळत नाही. भाचा उद्या नागपूरला जुन्या मशिनी मोडणाऱ्यांकडे चौकशीला जाणार आहे. बडी अम्मी रोज असरनंतर येऊन विचारून जातात.